रविवारचा पाहुणा, सोमवारचा शेरा

कर्जतच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाईकाचं मत कळायला फोन उघडावा लागत नाही. तूरडाळीत खडे निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन येतं, चार माणसांसमोर बोलतं, दुकानदार डाळ बदलून देतो आणि विषय तिथंच मिटतो. दोघांनाही उद्या पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं असतं. पण त्याच दुकानदाराने गावाबाहेरच्या आपल्या शेतात दोन खोल्या बांधल्या आणि शनिवार-रविवार भाड्याने द्यायला घेतल्या, की त्याचं गिऱ्हाईक बदलतं. ते डोंबिवलीहून, मुलुंडहून, पुण्याहून येतं, एक रात्र राहतं आणि निघताना ‘छान झालं हं काका’ म्हणून गाडीत बसतं. खरं काय वाटलं ते सोमवारी लिहितं. तेही काकांना उद्देशून नाही. पुढच्या शनिवारी कुठं जावं याचा विचार करत बसलेल्या एका तिसऱ्याच माणसासाठी.

ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यातल्या या नव्या बोलण्याचं मूळ वैशिष्ट्य हेच आहे. दोघं एकमेकांशी बोलतात, पण ऐकणारा तिसरा असतो. कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोठ्या शहरातही दिसत नाही, कारण इथला पाहुणा बहुधा परत येत नाही. पुढच्या वेळी त्याला नवा धबधबा, नवं फार्महाऊस हवं असतं. नेहमीचं गिऱ्हाईक धंद्याला जे सांगायचं आणि धंद्यासाठी चारचौघांत जी शिफारस करायचं, ती दोन्ही कामं आता अनोळखी माणसांच्या शेऱ्यांवर येऊन पडली आहेत.

तसं पाहिलं तर हा भाग जाता-येता मत बनवणाऱ्यांचाच. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर गेली आणि कर्जत हे थांबायचं ठिकाण झालं. घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथं मागून जादा इंजिनं लावतात, म्हणजे बँकर. तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपतात. दिवाडकरांच्या वड्याचं नाव मुंबई-पुण्यात झालं ते या थांब्यामुळे. एका डब्यातल्या माणसाने दुसऱ्याला सांगितलं, त्याने घरी सांगितलं. त्या तोंडी शेऱ्याला तारे नव्हते, पण एक भक्कम आधार होता: सांगणारा ओळखीचा असायचा, त्याची जीभ कशी आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असायचं. नेरळजवळच्या सगुणा बागेनेही कृषी पर्यटन सुरू केलं तेव्हा इंटरनेट कुणाच्या घरात नव्हतं. तिचं नाव पसरलं ते शाळांच्या सहली आणि कुटुंबांच्या तोंडून.

मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला, खालापूरच्या टोलनाक्याजवळ फूडमॉल उभे राहिले, २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यालगत इमॅजिका सुरू झालं, आणि नदीकाठच्या भातशेतांच्या कडेने फार्महाऊसं वाढत गेली. याच काळात तिकडे जगात शेरे लिहिण्याची यंत्रणा पक्की होत होती. ईबेने १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेत्याला एकमेकांबद्दल जाहीर मत नोंदवायला जागा दिली. ट्रिपअॅडव्हायजर २००० मध्ये आलं, येल्प २००४ मध्ये, आणि आपल्याकडे २००८ मध्ये फूडीबे नावाने सुरू झालेली साइट पुढे झोमॅटो झाली. आज इथल्या छोट्या धंद्याला मात्र सर्वांत जास्त धाक आहे तो गूगल मॅप्सचा, कारण पाहुणा वाट शोधायला तेच उघडतो आणि वाटेबरोबर तारेही बघतो.

ताऱ्यांनी खरंच पैसे कमी-जास्त होतात का? यावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास हार्वर्डच्या मायकेल लुका यांचा आहे, २०११ चा. सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचं येल्पवरचं मानांकन एका ताऱ्याने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटांवर होतो, साखळी रेस्टॉरंटांवर तो दिसत नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. शेऱ्यांची गरज पडते ती अनोळखी जागेला.

हेच इथं आणून बघा. फूडमॉलमधल्या नावाजलेल्या दुकानाला किंवा हजारो लोक जाऊन आलेल्या मोठ्या मनोरंजन उद्यानाला एका रागावलेल्या माणसाच्या एका ताऱ्याने काही होत नाही. पण कोंदिवड्याच्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याने काढलेल्या होमस्टेला दहाच शेरे असतील, त्यांतले नऊ पाच ताऱ्यांचे आणि एक एका ताऱ्याचा, तर सरासरी ४.६ वर येते. ती ४.८ वर न्यायला आणखी दहा जणांनी न चुकता पाच तारे द्यावे लागतात, ४.९ साठी तीस जणांनी. फक्त शनिवार-रविवार चालणाऱ्या दोन खोल्यांच्या धंद्यात तीस लिहिणारे पाहुणे मिळायला किती महिने लागतील? इथला माणूस ‘एक स्टार टाकला’ हे वाक्य ‘पाणी तोडलं’ असं म्हणावं तशा सुरात का म्हणतो, ते या गणितावरून कळतं.

आता त्या शेऱ्यांत असतं काय, ते पाहू. या भागातल्या शेऱ्यांचं मी बरंच वाचन केलं आहे, आणि त्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जागेबद्दल माहिती असते: शेवटचा दीड किलोमीटर कच्चा आहे, लहान गाडी खालून घासते, पोहण्याच्या तलावाचं पाणी गढूळ होतं, जनरेटर नाही, सांगितलेल्या भावात नाश्ता धरलेला नव्हता. अशी चार वाक्यं मालकाच्या उपयोगाची आणि पुढच्या पाहुण्याच्याही. दुसऱ्या प्रकारात पाहुण्याची अपेक्षा आणि जागा यांचं न जुळणं असतं. जुलैत येऊन चिखलाबद्दल तारा कमी. एप्रिलमध्ये येऊन धबधबा कोरडा म्हणून तारा कमी. चुलीवरचं जेवण हवं आणि ते वीस मिनिटांत हवं. रात्री बेडूक ओरडतात. पोपटी हवी, पण जूनमध्ये! वालाच्या ओल्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला थंडीत मिळतो, म्हणून मडक्यात भाजायची ही पोपटी थंडीतच लागते. हे ज्याला माहीत नाही त्याचा दोष नाही. पण तो दोन तारे देतो आणि ते दोन तारे वर्षभर त्या घराच्या नावापुढे राहतात.

माझं ठाम मत आहे की कर्जत-खालापुरात महिना न बघता शेरा वाचणं म्हणजे शेरा न वाचणंच. पावसाळ्यात हा सगळा प्रदेश एक आणि उन्हाळ्यात दुसराच असतो. तारा मात्र दोघांची सरासरी काढतो, आणि ती सरासरी वर्षातल्या कुठल्याच दिवशी खरी नसते.

आणि म्हणूनच मालकाचं उत्तर महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी ते उत्तर नसतंच, किंवा सगळ्यांना एकच इंग्रजी ओळ चिकटवलेली असते. चांगल्यालाही धन्यवाद, वाईटालाही धन्यवाद. काही जण उलट भांडतात: तुम्हीच रात्री दोनपर्यंत स्पीकर लावला, तुम्हीच ठरल्यापेक्षा चार माणसं जास्त आणलीत. त्यात पुष्कळदा तथ्य असतं. ‘पार्टी’ कशी वागली याचा शेरा मालकाला कुठं लिहिता येतो? एअरबीएनबीवर यजमान आणि पाहुणा दोघंही एकमेकांबद्दल लिहितात, आणि एकाचं बघून दुसऱ्याने उट्टं काढू नये म्हणून २०१४ पासून दोन्ही शेरे एकदमच उघड होतात, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावर. ईबेने मात्र २००८ मध्ये विक्रेत्यांचा खरेदीदारांना वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला, कारण सूडाच्या भीतीने खरेदीदार खरं लिहीनासे झाले होते. गूगल मॅप्सवर पाहुण्याला तारे देण्याची सोयच नाही. मालकाच्या हातात आहे ते फक्त खालचं उत्तर.

ते उत्तर वाया जात नाही, याला पुरावा आहे. प्रोसेर्पिओ आणि झेर्वास या दोन संशोधकांनी ट्रिपअॅडव्हायजरवरच्या हॉटेलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या हॉटेलांनी शेऱ्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली, त्यांना पुढे १२ टक्के जास्त शेरे मिळाले आणि मानांकन सरासरी ०.१२ ताऱ्याने वर गेलं. वाईट शेरे कमी झाले, पण जे आले ते लांब आणि तपशीलवार आले. याचं त्यांनी दिलेलं कारण मला पटतं: मालक वाचतो आहे हे कळल्यावर माणूस उगाच ठोकून देत नाही, ज्याला खरोखर तक्रार आहे तोच लिहितो, आणि नीट लिहितो. किराणा दुकानासमोर चार माणसांत बोलताना जी जबाबदारी यायची, तिचा थोडा अंश परत येतो.

चांगलं उत्तर कसं असतं? रस्त्याबद्दलच्या तक्रारीला एका होमस्टेवाल्याने दिलेलं उत्तर माझ्या लक्षात राहिलं आहे. त्याचा आशय असा होता: रस्ता खरंच खराब आहे, तो ग्रामपंचायतीचा आहे, दिवाळीनंतर गाडी थेट अंगणात येते, पावसात मात्र गाडी मंदिराजवळ लावा आणि फोन करा, मी बॅगा घ्यायला येतो. यात माफी नाही, भांडण नाही. पण पुढच्या वाचणाऱ्याला त्या जागेबद्दल जे कळायला हवं ते सगळं आहे, आणि माणूस कसा आहे तेही. असं उत्तर वाचल्यावर त्या एका ताऱ्याचं ओझं राहत नाही.

एकट्या घराचं नव्हे, आख्ख्या गावाचं मानांकन धोक्यात आलं की काय होतं, ते माथेरानने दाखवलं. माथेरान कर्जत तालुक्यातच. वाहनांना बंदी, त्यामुळे गाडी दस्तुरी नाक्याला सोडायची आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेने जायचं. नवखा पर्यटक नाक्यावर उतरला की त्याला चुकीची माहिती दिली जाते, जवळचं अंतर लांबचं सांगून जादा पैसे घेतले जातात, अशी तक्रार फार जुनी. २०२५ च्या मार्चमध्ये माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने याच मुद्द्यावर बंद पुकारला: फसवणूक थांबवा, नाहीतर गावाचं नाव जाईल. पर्यटकांच्या तक्रारीवरून गावकऱ्यांनीच आपली दुकानं-हॉटेलं बंद ठेवायची, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. प्रशासनाने आश्वासन दिल्यावर बंद मागे घेण्यात आला. पण घोड्यावर पोट असलेल्या कुटुंबांचा प्रश्नही त्याच नाक्यावर उभा आहे आणि तोही खरा आहे. मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाक्यावर फसलेला पर्यटक शेरा लिहितो तो मुक्कामाच्या हॉटेलच्या नावाखाली. नाक्याला कुणी मालक नाही, म्हणून त्याची शिक्षा दुसऱ्यालाच. ठळक अक्षरांत, मराठी-हिंदी-इंग्रजीत, अंतर आणि दर लिहिलेला एक फलक नाक्यावर असला, तर शंभर शेऱ्यांचं काम करील.

मालक नसलेल्या जागा या भागात पुष्कळ. भिवपुरीजवळचा धबधबा, खोपोलीचा झेनिथ, जांबरुंगचं सोलनपाडा धरण, कोंढाणे लेणी. यांनाही तारे आहेत, फोटो आहेत, ‘मस्ट व्हिजिट’ आहे. उत्तर द्यायला कुणी नाही. पावसाळ्यात बुडून माणसं जातात, प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढतं, आणि त्याच दिवशी फोनवर त्या जागेपुढे चारच्या वर तारे चमकत असतात. पाण्याला ओढ किती, वर डोंगरात पाऊस झाला की लोंढा किती मिनिटांत येतो, हे पायथ्याच्या वाडीतल्या पोराला पाठ असतं, पण ते पोर शेरा लिहीत नाही. लिहितो तो पोहून सुखरूप परत आलेला. इथे शेऱ्यांची पद्धत नुसती अपुरी नाही, धोक्याची आहे. आणि ग्रामपंचायतीने अशा जागांच्या खाली जूनपासून दर आठवड्याला आपल्या नावाने एक इशारा लिहिला, तर ते पंचायतीचंच काम समजावं असं मला मनापासून वाटतं.

खोट्या शेऱ्यांबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात. लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या लेखकाने आपल्या बागेतल्या शेडला मित्रांकडून खोटे शेरे लिहवून घेऊन २०१७ मध्ये ट्रिपअॅडव्हायजरवर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट करून दाखवलं. तिथं जेवण मिळतच नव्हतं. लुका आणि झेर्वास यांनी बोस्टनच्या रेस्टॉरंटांचे शेरे तपासले तेव्हा सुमारे १६ टक्के येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. खोटं लिहवून घेण्याकडे कल कुणाचा जास्त, तर ज्यांच्याकडे शेरे थोडे किंवा ज्यांना नुकताच वाईट शेरा आलेला. म्हणजे पुन्हा ती दहा शेऱ्यांची, ४.६ वाली जागा. तिला मोह का होतो ते समजतं. तरी एकदा भावाकडून, भाच्याकडून पाच तारे मागून घेतले की मग खऱ्या पाहुण्याच्या पाच ताऱ्यांनाही कुणी विचारत नाही. ‘पाच स्टार टाका, ताक आमच्याकडून’ हेही त्यातलंच. गूगलच्या नियमांत मोबदला देऊन घेतलेला शेरा बसत नाही.

याहून वाईट धंदा निराळाच आहे. घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या आणि पैसे कमवा, असा संदेश येतो. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच जमा होतात, मग ‘टास्क’साठी पैसे भरायला लावतात आणि साठवलेले सगळे जातात. अशा फसवणुकीच्या शंभरावर वेबसाइट केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या. फसलेल्याने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. नकाशावरचा फोन नंबरही डोळे मिटून खरा धरू नये. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गूगल मॅप्सवरचे नंबर भामट्यांनी बदलल्याची तक्रार महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे गेली होती. बँकेचा नंबर बदलता येतो, तर तीन खोल्यांच्या फार्महाऊसचा किती सोपा! म्हणून अॅडव्हान्स पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगणं यात अपमान कुणाचाच नाही.

कायदा कुठवर पोचला आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच शेरे लिहायला मनाई केली. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन शेऱ्यांसाठीचं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. शेरा लिहिणाऱ्याची ओळख पटवणं, शेरे गोळा करण्याची आणि छापण्याची रीत उघड असणं, प्रतिसाद देणं, अशी त्याची तत्त्वं चांगली आहेत, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या शेऱ्यांच्या खरेदी-विक्रीवर दंडाचा नियम आहे. आपलं मानकही सक्तीचं व्हायला हवं, असं माझं मत आहे.

पाहुण्याच्या बाजूने पाहिलं, तर शेरा ही तक्रार नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पैसे परत हवे असतील तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, नाहीतर ग्राहक आयोगात जायला हवं. नव्या कायद्याने ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ठाण्याच्या पाहुण्याला त्यासाठी अलिबागच्या जिल्हा आयोगात यावं लागत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून संघटित ग्राहक ही कल्पना मराठी घरांत रुजवत आली. तिचा आग्रह पावती, वजन, लेखी तक्रार यांवर असायचा. तो शिस्तीचा भाग ताऱ्यांच्या काळात सैल पडला आहे. व्यावसायिकाच्या बाजूनेही मर्यादा आहेत. खोटा, नाव खराब करणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतो. पण खरा आणि कडू शेरा लिहिणाऱ्याला वकिलाच्या नोटिशीची भीती घालणं मला अजिबात मान्य नाही.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. पाहुणे इंग्रजीत, हिंदीत, रोमन लिपीतल्या मराठीत लिहितात. मालकाच्या मुलाला ते वाचता येतं. पण शेऱ्यांत ज्यांच्या कामाचा न्याय होतो ती माणसं बहुधा मालकही नसतात. जेवण रांधणारी मावशी, खोल्या झाडणारा केअरटेकर, पेठच्या किल्ल्यावर नेणारा वाटाड्या, रस्त्याकडेला करवंदं-जांभळं विकणारी कातकरी बाई. ‘स्टाफ उद्धट’ या दोन शब्दांवर कुणाचं तरी काम जातं, आणि त्याला काय म्हणायचं आहे ते कुठंच छापलं जात नाही. कौतुकही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या घरी बसलो होतो. पोराने फोनवरचा शेरा मराठी करून आईला वाचून दाखवला. पाहुण्यांनी पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं की मावशींच्या हातची नाचणीची भाकरी विसरता येणार नाही. मावशींनी हात पुसले. कुठली पार्टी, ती शनिवारची, लहान मूल होतं ती? पोरगा हो म्हणाला. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ती नाचणीची नव्हती रे, तांदळाची होती. आपल्याच शेतातल्या तांदळाची. तेवढं लिही खाली.’